आद्य संपादक व आद्य प्राध्यापक : आचार्य बाळशास्त्री जांभेकर

दरवर्षी ६ जानेवारीस महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. त्या दिवशी ठिकठिकाणी बातमीदारांचा सत्कार होतो, पगडीधारी तरुण शास्त्र्याच्या तसबिरीस हार घातला जातो व चार भाषणे होऊन मंडळी घरोघर परततात. ती तसबीर बाळशास्त्री जांभेकर यांची. ‘दर्पण’ पत्राचे संपादक एवढीच त्यांची ओळख बहुतेकांस असते. पत्र चालवीत असतानाच ते महाविद्यालयात गणित शिकवीत होते, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. आणि आपल्याच ज्ञातीच्या रोषाचे ते धनी झाले, ही गोष्ट तर त्याहूनही थोड्यांस. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र समाजबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

येथे कोणी पृच्छा करील की, ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांस स्थान द्यावे हा रिवाज असता, कोकणातील एका कऱ्हाडे ब्राह्मण शास्त्र्याचे चरित्र करमाडच्या वाचकांनी का वाचावे? आमचे उत्तर साधे आहे. शिक्षक हा कोणा एका ज्ञातीचा नसतो. शिवाय आपल्या कुटुंबांतील काही मुलेमुली आता छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचे शिक्षण घेऊ लागली आहेत. त्यांनी आपल्या विद्येचे मूळ ओळखावे आणि वडीलधाऱ्यांनीही ते ओळखावे, हा आमचा हेतू आहे. दुसरे उत्तर लेखाच्या ओघात येईल.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ साली पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात आहे. वडील गंगाधरशास्त्री हे विद्वान व पुराण सांगणारे गृहस्थ. मुलाचे पहिले गुरू तेच. संस्कृत, मराठी व व्यवहारी हिशेब यांचे शिक्षण घरीच झाले. बुद्धी इतकी तीव्र की, लहान वयातच मुलाने शास्त्रग्रंथांत प्रवेश केला. पेशवाई बुडून १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसला, तेव्हा हा मुलगा सहा वर्षांचा होता. अर्थात जुन्या राज्याची आठवण सांगणारी माणसे अवतीभोवती आणि नव्या राज्याची विद्या समोर, अशा संधिकालात त्यांची जडणघडण झाली.

सुमारे १८२५ साली ते इंग्रजी शिकण्यासाठी मुंबईस आले. मुंबईत त्या वेळी शाळा काढणे व देशी भाषांत पाठ्यपुस्तके करविणे हे काम एक संस्था करीत असे. पुढे तिचे नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे झाले. सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे हे तिचे देशी चिटणीस. छत्रे यांच्या आश्रयाने या तरुणास वाट मिळाली. थोड्याच वर्षांत इंग्रजी हस्तगत झाली व गणित आणि ज्योतिष यांत गती आली. फारसी, गुजराती, बंगाली, कानडी, तेलुगू या भाषांबरोबरच लॅटिन, ग्रीक व फ्रेंच यांचाही त्यांनी अभ्यास केला. वयाची विशी उलटण्यापूर्वीच सोसायटीच्या चिटणीसपदाच्या कामी त्यांची नेमणूक झाली. पुढे काही काळ ते अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणूनही राहिले.

याच वयात त्यांनी जे धाडस केले, त्यामुळे त्यांचे नाव अमर झाले. बंगालीत वृत्तपत्रे १८१८ पासून निघू लागली होती. मुंबईतच फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ साली गुजरातीत ‘मुंबई समाचार’ सुरू केले होते. मराठी बोलणारा एवढा मोठा समाज मात्र स्वतःच्या पत्रावाचून होता. सरकारात काय ठरते हे लोकांस कळत नसे व लोकांस काय सलते हे सरकारास कळत नसे. ही उणीव ओळखून बाळशास्त्र्यांनी गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन, व इतर स्नेह्यांच्या साहाय्याने ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला. त्या वेळी संपादकाचे वय होते अवघे वीस.

दर्पणाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पृष्ठावर दोन स्तंभ असत; एकात इंग्रजी मजकूर व शेजारी मराठी. आजच्या वाचकास हे केवळ भाषांतर वाटेल. परंतु त्या मांडणीत संपादकाचा सारा विचार साठविलेला होता. मराठी स्तंभ हा देशबांधवांसाठी. त्यातून त्यांस पश्चिमेकडील विद्या, कलाकौशल्य व जगातील घडामोडी कळाव्यात. इंग्रजी स्तंभ हा राज्यकर्त्यांसाठी. त्यातून त्यांस येथील लोकांच्या अडचणी व मते कळावीत. शिवाय इंग्रजी शिकणाऱ्या तरुणास एकाच पानावर दोन्ही भाषा मिळत, म्हणून ते पत्र पाठ्यपुस्तकाचेही काम करी. आरंभी ते पाक्षिक होते. ४ मे १८३२ पासून साप्ताहिक झाले. वर्गणीदारांची संख्या सुमारे तीनशेच्या घरात राहिली. पैसे देऊन वर्तमान वाचावे ही कल्पनाच तेव्हा नवी होती. जाहिरातीचे उत्पन्न असे नव्हतेच. तरीही पदरास खार लावून हे पत्र साडेआठ वर्षे चालले व १८४० च्या मध्यास थांबले.

दर्पणातून त्यांनी कोणते विषय हाताळले? विद्येचा प्रसार, व्यापार व उद्योग, राज्यकारभारातील उणिवा हे तर होतेच. परंतु बालविवाहाची चाल व विधवांची स्थिती या नाजूक विषयांसही त्यांनी हात घातला. त्यांची भाषा जहाल नव्हती. शास्त्राधार दाखवावा, व्यवहारातील हानी दाखवावी व निर्णय वाचकावर सोपवावा, ही त्यांची रीत. विधवाविवाहास शास्त्राची संमती आहे, हे दाखविणारा ग्रंथ त्यांनी गंगाधरशास्त्री फडके यांजकडून लिहवून घेतला. जुन्या ग्रंथांचे ज्ञान ज्याच्या रक्तात आहे, अशाने ही गोष्ट करावी हे महत्त्वाचे. परक्याने टीका केली तर लोक कान बंद करतात. आपल्यातल्याने आधार दाखविला तर निदान ऐकून तरी घेतात.

१८३४ साली बाळशास्त्र्यांच्या आयुष्याचे दुसरे पर्व सुरू झाले. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या सन्मानार्थ लोकांनी जमविलेल्या निधीतून मुंबईत उच्च शिक्षणाचे वर्ग निघत होते. तेथे साहाय्यक प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. मुंबई इलाख्यात असा मान मिळालेले ते पहिले देशी गृहस्थ. ऑर्लेबार, हार्कनेस अशा युरोपीय प्राध्यापकांबरोबर ते शिकवू लागले. गणित व ज्योतिष हे त्यांचे खास विषय. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली. म्हणजे विद्यापीठ नव्हते, पदव्या नव्हत्या, मराठीत पुस्तके नव्हती, अशा काळात या तरुणाने प्राध्यापकी केली. दादाभाई नवरोजी, भाऊ दाजी लाड यांसारखे पुढे देशात नामवंत झालेले पुरुष एल्फिन्स्टनमध्ये शिकले, ते याच काळात व याच परंपरेत.

पुस्तके नाहीत, म्हणून त्यांनी हात जोडून बसणे पत्करले नाही, स्वतःच लिहिली. मुलांसाठी ‘बाळव्याकरण’ व ‘नीतिकथा’. भूगोल व इतिहास यांवरील पुस्तके. ‘इंग्लंड देशाची बखर’. आणि गणितातील अवघड शाखेवरील ‘शून्यलब्धि’. या शेवटच्या पुस्तकाची थोरवी शिक्षकांस विशेष कळेल. ज्या भाषेत त्या विषयाचे शब्दच नव्हते, त्या भाषेत चलनकलनासारखा विषय मांडावयाचा म्हणजे आधी शब्द घडवावयाचे, मग विचार सांगावयाचा. घर बांधण्यापूर्वी विटा भाजण्यासारखेच हे काम होते.

येथे आम्हांस या चरित्रातील मुख्य गोष्ट दिसते. बाळशास्त्र्यांनी प्राध्यापकी व संपादकी असे दोन निराळे व्यवसाय केले, असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्या लेखी तो एकच व्यवसाय होता. वर्गात जी मुले येत, त्यांस ते फळ्यावर शिकवीत. जी माणसे वर्गात येऊ शकत नसत, त्यांस छापील कागदावर. याचा पुरावा म्हणजे ‘दिग्दर्शन’ हे मासिक. दर्पण थांबण्याच्या सुमारास, १ मे १८४० रोजी ते सुरू झाले. मराठीतील हे पहिले मासिक. भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान, रसायन असे विषय त्यात नकाशे व आकृत्या देऊन समजावून दिलेले असत. सुमारे पाच वर्षे बाळशास्त्र्यांनी ते सांभाळले. महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर बसलेल्या वाचकासाठी चालविलेला तो एक वर्गच होता.

त्यांच्या तालमीत तयार झालेल्यांनीही हा वारसा पुढे नेला. दर्पणाच्या कामात हाताशी असलेल्या भाऊ महाजनांनी १८४१ साली ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले. आणि त्याच प्रभाकरात १८४८ पासून गोपाळ हरि देशमुख यांची लोकहितवादी या नावाने लिहिलेली शतपत्रे प्रसिद्ध झाली. एका दिव्याने दुसरा दिवा लागतो, तो असा.

याशिवाय त्यांनी केलेल्या कामांची नुसती यादीही थक्क करणारी आहे. त्यांनी प्राचीन ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रथमच मुद्रित करवून १८४५ साली प्रसिद्ध केली. कुलाब्याच्या वेधशाळेचे काम काही काळ सांभाळले. सरकारने त्यांस जस्टिस ऑफ द पीस हा मान दिला. गावोगावच्या शाळांस शिक्षक हवेत व ते शिकविण्याच्या कलेत तयार झालेले हवेत, हे ओळखून १८४५ साली जो नॉर्मल क्लास, म्हणजे अध्यापकांचा वर्ग निघाला, त्याची धुराही त्यांजकडेच आली. मुंबईत देशी लोकांसाठी ग्रंथालय निघाले, त्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता.

आता त्यांच्या आयुष्यातील त्या प्रसंगाकडे वळू, ज्यामुळे हे चरित्र ज्ञातिसंस्थेने वाचणे आम्हांस अगत्याचे वाटले. १८४३ साली मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळेत शिकणारे दोन ब्राह्मण बंधू, नारायण शेषाद्री व श्रीपाद शेषाद्री, यांच्यावरून मोठे वादळ उठले. थोरल्या नारायणाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. धाकटा श्रीपाद अल्पवयीन होता व मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली व न्यायालयाने मुलास वडिलांच्या स्वाधीन केले. मुलगा घरी आला. परंतु दारात नवा प्रश्न उभा राहिला. परधर्मीयांच्या घरी राहिलेला व जेवलेला हा मुलगा ज्ञातीत परत घ्यावा की नाही?

सनातनी मंडळींचा कौल निश्चित होता : जो गेला तो गेला. बाळशास्त्री स्वतः मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या खटपटींचे समर्थक मुळीच नव्हते. तथापि एका अजाण मुलास आईबापांच्या ओटीवर जन्मभर परका करून ठेवावे, हे त्यांच्या न्यायबुद्धीस रुचले नाही. शास्त्रात प्रायश्चित्ताची सोय आहे, ती या मुलास द्यावी व त्यास घरात घ्यावे, अशी भूमिका घेऊन त्यांनी ती खटपट उघडपणे अंगावर घेतली. त्याबरोबर ज्ञातीत तट पडले. कालपर्यंत ज्यांनी शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेचे कौतुक केले, त्यांतीलच काहीजण उलटले. प्रायश्चित्त देवविणाराच भ्रष्ट, असा सूर निघाला व खुद्द बाळशास्त्र्यांवर बहिष्काराचे सावट आले.

हा प्रसंग वाचताना आमच्या मनात एक विचार वारंवार येतो. बाळशास्त्री सरकारदरबारी मान्यता पावलेले होते. मुलगा त्यांच्या नात्यातला नव्हता. गप्प बसले असते तर त्यांस काहीच गमवावे लागले नसते. परंतु जो दर्पणातून साडेआठ वर्षे लोकांस विचार करावयास सांगत होता, त्यास स्वतःच्या ओसरीवर विचार करण्याची वेळ आली तेव्हा पाठ फिरविता आली नाही. लेखणीने सांगितलेले हाताने करून दाखविण्याची कसोटी प्रत्येक संपादकावर व प्रत्येक शिक्षकावर कधी ना कधी येते. बाळशास्त्री त्या कसोटीस उतरले.

आणि आपल्या भागातील वाचकांस या कथेचा एक धागा जवळचा वाटेल. थोरला बंधू नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाला व निजामाच्या मुलखात, आपल्या करमाडच्या पूर्वेस असलेल्या जालन्यास येऊन राहिला. त्याने जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसविली व आयुष्याचा मोठा भाग तेथेच काढला. मुंबईतल्या ज्या वादात बाळशास्त्र्यांची कसोटी लागली, त्यातील एक पात्र अशा रीतीने आपल्या शेजारच्या मातीत येऊन मिसळले. करमाडहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याने आपण कितीदा तरी जातो. त्या रस्त्यास हाही एक इतिहास आहे.

बाळशास्त्र्यांस आयुष्य फार थोडे लाभले. अध्यापकांचा वर्ग, शिलालेखांचे संशोधन, शाळांची देखरेख अशी नाना कामे शिरावर असतानाच १८४६ च्या मे महिन्यात तापाचे निमित्त होऊन त्यांचा अंत झाला. वय अवघे चौतीस. मराठी वृत्तपत्र, मराठी मासिक, मराठीतील शास्त्रीय लेखन, देशी प्राध्यापकी, अध्यापकांचे शिक्षण, शिलालेखांचा अभ्यास : या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी या एकाच पुरुषाची पावले उमटलेली दिसतात.

त्यांच्या पश्चात काळ पुष्कळ पुढे गेला. वृत्तपत्रविद्या ही विद्यापीठात शिकविण्याची विद्या आहे, हे जगाने उशिरा मान्य केले. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाने १९०८ साली तिचे स्वतंत्र विद्यालय काढले. आपल्याकडे लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ साली तिचा वर्ग निघाला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात ती स्वातंत्र्यानंतर आली. मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. येथे मराठी पत्र चालविणे म्हणजे बंदीशी झुंज घेणे होते, आणि आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ पत्राद्वारे ती झुंज घेतली. पुढे अनंत भालेराव यांनी तेच पत्र नावारूपास आणले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले व १९९४ साली त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. बाबासाहेबही प्राध्यापक होते व ‘मूकनायक’सारख्या पत्राचे प्रवर्तक होते, हे या ठिकाणी स्मरणात ठेवण्याजोगे आहे. शिक्षक व संपादक एकाच देही नांदण्याची परंपरा महाराष्ट्रात अशी अखंड आहे.

म्हणून ज्या घरातील मुलगा वा मुलगी वृत्तपत्रविद्या शिकू वा शिकवू पाहते, त्या घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, या शिक्षणात काय ठेवले आहे, असा प्रश्न विचारण्यापूर्वी या चौतीस वर्षांच्या आयुष्याकडे एकदा पाहावे. वृत्तपत्रविद्येचा अध्यापक म्हणजे बातमीची मांडणी शिकविणारा कारागीर एवढेच नव्हे. खरे काय ते शोधावे, ते साध्या भाषेत सांगावे व सांगितल्याची जबाबदारी घ्यावी, ही शिस्त तो पुढच्या पिढीस लावतो. पगार व मानमरातब हे त्यामागून येतील किंवा न येतील.

आरंभी सांगितलेले दुसरे उत्तर येथे पुरे करतो. १८४३ साली बाळशास्त्र्यांवर जे शस्त्र उगारले गेले, ते बहिष्काराचे शस्त्र आपल्या राज्याने २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तरीही कायद्याने हात बांधले, म्हणजे मनातील दार उघडते असे नाही. ज्ञातिसंस्था म्हणजे एकमेकांच्या अडीअडचणीस धावून जाण्याची सोय. कोणास बाहेर ठेवावे याची नोंदवही नव्हे. आपल्यातही कधी कोणी परज्ञातीत विवाह करून, कोणी रूढी मोडून, कोणी केवळ मतभेदाने दूर गेलेला असतो. त्याच्या घरी मंगलकार्याची पत्रिका जाते की नाही, आजारपणात कोणी विचारपूस करते की नाही, यावरच संस्थेची खरी परीक्षा होते.

त्या दिवशी शास्त्रीबुवांस ज्यांनी दोष दिला, त्यांतील कोणाचीही तसबीर आज हार घालण्यासाठी बाहेर काढली जात नाही. पुढील ६ जानेवारीस बाळशास्त्र्यांच्या तसबिरीपुढे उभे राहताना आमच्या वाचकांनी दर्पणाबरोबर त्या अल्पवयीन श्रीपादासही आठवावे, आणि घरी परतल्यावर आपल्या दाराकडे एकवार पाहावे, एवढीच नम्र प्रार्थना करून आम्ही हा चरित्रलेख पुरा करतो.